तंबाखू आवडत नाही, तरी सुटत का नाही?

तंबाखू सोडायला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या माणसांकडून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की पहिल्या भेटीत ते आलं नाही तर पुढच्या भेटीत येणार हे मी धरून चालते. माणूस बोलणं संपवून उठतो, दारापर्यंत जातो आणि आवाज खाली करून म्हणतो, "मॅडम, खरं सांगू का, मला ती आता आवडत पण नाही. तोंड भाजतंय, जेवणाची चव लागंना, नातू जवळ येईना. तरी सुटत नाही. म्हणजे माझ्यातच खोट आहे का?"

यावर 'मन घट्ट करा' हे उत्तर घरचे देतात, मित्र देतात, कधीकधी डॉक्टरही देतात. मी देत नाही. मन घट्ट करूनही तंबाखू सुटली नाही की माणूस स्वतःला कुचकामी समजायला लागतो आणि मग पुन्हा प्रयत्नच करत नाही. माझ्या अनुभवात तंबाखूइतकंच नुकसान या समजुतीनं केलं आहे.

म्हणून अण्णांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी त्यांची परवानगी घेतली आहे. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात मोठ्या माणसाला अण्णा म्हणायची पद्धत आहे, म्हणून मीही त्यांना अण्णाच म्हणते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागावर टॉवेल काढतात. वय पन्नाशीच्या आसपास. दाढदुखीसाठी दंतवैद्याकडे गेले, तर त्यांना गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला. तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग निघाला नाही, पण 'तंबाखू आता बंद' असं बजावून त्यांनी अण्णांना माझ्याकडे पाठवलं. सोबत त्यांची पत्नी, म्हणजे वहिनी, होत्या. त्या विड्या वळतात. हे नंतर महत्त्वाचं ठरलं.

अण्णांची तंबाखू सुरू झाली चौदाव्या वर्षी, कांड्या भरायच्या कामावर असताना. रात्रपाळीत डुलकी लागू नये म्हणून शेजारच्या मागावरच्या माणसानं चिमूटभर मळून हातावर ठेवली. पहिल्यांदा चक्कर आली, उलटी झाली. महिन्याभरात उलटी थांबली आणि खिशात स्वतःची पुडी आली. त्यानंतर त्यांनी दोनदा सोडायचा प्रयत्न केला. एकदा मुलीच्या लग्नाआधी, आणि एकदा सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्यापुढे शपथ घेऊन. शपथ चौथ्या दिवशी मोडली. "तेव्हापासून देवळात जातो, पण वर बघून हात जोडत नाही," असं ते म्हणाले. वहिनींना हे पहिल्यांदाच कळत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

शपथ मोडणं पाप आहे की नाही, हे सांगणारी मी कोण? पण त्या चौथ्या दिवशी त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं, ते मला सांगता येत होतं. ते मी सांगितलं. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला मेंदूतलं कशाला सांगायचं, असं काही सहकाऱ्यांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. ज्याच्या डोक्यात हे घडतंय त्याला ते आधी कळायला हवं. आणि शेकडो दोऱ्यांतून एक तुटला तर नजरेनं हेरणाऱ्या माणसाला हे समजणार नाही, असं मानणं हा त्याचा अपमान आहे.

आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वेगवेगळी रसायनं वापरतात. त्यातलं एक अ‍ॅसिटिलकोलीन. ते ज्या जागी जाऊन बसतं, त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. निकोटीनची घडण अ‍ॅसिटिलकोलीनशी इतकी जुळते की तेही त्याच जागांवर जाऊन बसतं. या रिसेप्टरांच्या काही जाती आहेत. त्यातल्या अल्फा-४ बीटा-२ या जातीला निकोटीन फार घट्ट धरतं. मध्यमेंदूत व्हेंट्रल टेगमेंटल एरिया नावाचा एक छोटा भाग आहे. तिथल्या पेशींवर हे रिसेप्टर असतात. त्या पेशी चाळवल्या की त्यांचे लांब तंतू पुढच्या बाजूला, न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स या भागात, डोपामिन सोडतात. यालाच रिवॉर्ड सिस्टिम म्हणतात.

ही व्यवस्था तंबाखूसाठी नाही. भुकेल्या पोटी अन्न मिळालं, तहानेला पाणी मिळालं, लेकरू कुशीत आलं, तर 'हे जगायला लागतं, हे लक्षात ठेव, पुन्हा कर' असं ती शिकवते. तिचा जोर किती असतो ते १९५४ साली कळलं. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. दांडी दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका झटका मिळे. तो मिळवण्यासाठी उंदीर पुन्हा पुन्हा दांडी दाबत राहिले. निकोटीन याच व्यवस्थेत मागच्या दारानं शिरतं. १९९८ साली मरीना पिचिओटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटा-२ हा भागच नसलेले उंदीर तयार करून पाहिले. निकोटीननं त्यांच्या मेंदूत डोपामिन वाढलं नाही, आणि ते उंदीर निकोटीनच्या मागेही लागले नाहीत. एक घटक काढला आणि ओढच गेली. त्या उंदरांची इच्छाशक्ती कुणी वाढवली नव्हती.

अण्णा हे सगळं ऐकत होते. मी विचारलं, "तुम्ही चुना का लावता?"

"त्याशिवाय लागतच नाही की!"

का लागत नाही, ते त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. तंबाखूच्या पानातलं निकोटीन बरंचसं अशा रूपात असतं, की ते तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सहज पार होत नाही. चुना अल्कधर्मी. तो मळला की निकोटीन मोकळ्या रूपात येतं आणि गालातून, ओठातून थेट रक्तात उतरतं. विडी-सिगारेटचा धूर ओढला तर निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं. तंबाखूच्या बाराला तेवढी घाई नसते, पण तो तोंडात असेपर्यंत निकोटीन झिरपत राहतं आणि रक्तातली पातळी बराच वेळ चढती राहते. 'मी विडी ओढत नाही, नुसती तंबाखू खातो, माझं व्यसन हलकं' असं मला अनेक जण सांगतात. निकोटीनच्या हिशेबात ते हलकं नाही.

हे इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण व्यसनाबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक सिगारेटबद्दल असतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेली तंबाखू वापरत होते आणि धूर ओढणारे होते ३.८ टक्के. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न प्रामुख्यानं मळलेल्या तंबाखूचा, मिश्रीचा, माव्याचा आहे.

आता अण्णांच्या मूळ प्रश्नाकडे येते. आवडत नाही, तरी हवी कशी वाटते?

बरीच वर्षं असं मानलं जायचं की डोपामिन म्हणजे आनंद. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी हे तपासून पाहिलं. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नाहीसं झालं होतं, त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं तर ते नेहमीसारखेच ओठ चाटायचे. गोड त्यांना गोडच लागत होतं. पण समोर अन्न असूनही ते स्वतःहून खायला पुढे होत नव्हते, मरणाच्या दारात गेले तरी. म्हणजे आवड आणि ओढ या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोपामिनचा संबंध मुख्यतः ओढीशी. १९९३ साली या दोघांनी मांडलं की व्यसनात ओढ वाढत जाते, आवड मात्र तिथेच राहते किंवा कमी होते.

हे मी सांगितलं तेव्हा अण्णा पुढे सरकून बसले. "म्हणजे मी म्हणतो ते खरं आहे? मला खरंच आवडत नाही?" हो, खरं आहे. घरात त्यांना 'आवडते म्हणून खातोस' हे इतक्यांदा ऐकावं लागलं होतं, की आपण स्वतःशीच खोटं बोलतो आहोत, असं त्यांना वाटू लागलं होतं.

मग दुसरी शंका आली, आणि ती बरोबर होती. "पण मॅडम, खाल्ली की डोकं शांत होतंय. ते काय खोटं आहे?"

तेही खोटं नाही. फक्त ती शांतता कुठून येते ते पाहायला हवं. निकोटीन रोज येत राहिलं की रिसेप्टर बधिर होतात, आणि त्यांची भरपाई म्हणून मेंदू त्यांची संख्या वाढवतो. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं. ते उतरायला लागलं की हे वाढलेले रिसेप्टर मोकळे पडतात आणि माणूस अस्वस्थ होतो. चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं. बार भरला की हीच बेचैनी जाते. जिला आपण तंबाखूची शांतता म्हणतो, ती बऱ्याच अंशी तंबाखूनंच लावलेल्या बेचैनीची तात्पुरती सुटका असते. तंबाखू न खाणारा माणूस साधारण जिथे असतो, तिथपर्यंत पोहोचण्यासाठी अण्णांना दिवसातून कितीतरी वेळा पुडी उघडावी लागत होती. रात्रभर झोपेत निकोटीन मिळत नाही, म्हणून सकाळची पहिली चिमूट सगळ्यांत जोरात लागते. उठल्यापासून किती वेळात पहिली तंबाखू लागते, हा प्रश्न आम्ही समुपदेशक आवर्जून विचारतो. पाच मिनिटांच्या आत असेल तर अवलंबित्व तीव्र. अण्णांची पुडी उशाखाली असायची.

म्हणजे शपथेच्या चौथ्या दिवशी काय झालं होतं? तंबाखू बंद केल्यावरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत टोकाला जातो आणि मग तीन-चार आठवड्यांत हळूहळू ओसरतो. अण्णा सगळ्यांत अवघड चढ चढून गेले होते. अजून थोडे दिवस मदतीनं काढले असते तर उतार लागला असता. पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, चौथ्या दिवशी इतकं होतंय तर जन्मभर असंच होणार.

मी त्यांना एक वही दिली. सोडायची घाई नाही, आधी फक्त लिहायचं. किती वाजता खाल्ली, कुठे, कोण होतं, त्याआधी काय चाललं होतं, तलफ दहापैकी किती होती. पुढच्या भेटीला वही भरून आली, अक्षर थोरल्या मुलाचं. ती वाचताना अण्णाच चकित झाले. दहापैकी आठ-नऊ तलफ असलेल्या नोंदी सकाळच्या आणि जेवणानंतरच्या. बाकी बहुतेक ठिकाणी तलफ दोन किंवा तीन. तरी खाल्लेली. चहा संपला म्हणून. माग चालू केला म्हणून. समोरच्यानं हात पुढे केला म्हणून. घरून फोन आला म्हणून.

याचं कारण स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबुर्ग इथल्या वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत सापडतं. त्यांनी माकडांना रसाचा थेंब दिला आणि डोपामिनच्या पेशींची हालचाल मोजली. सुरुवातीला थेंब मिळाला की पेशी उसळायच्या. मग रसाआधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. माकड शिकलं, आणि पेशी खूण दिसताच उसळायला लागल्या. प्रत्यक्ष रस आला तेव्हा शांत. खूण दाखवली आणि रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा त्याच क्षणी पेशी नेहमीच्याही खाली गेल्या. त्यांचा हा गाजलेला निबंध १९९७ साली आला. अण्णांच्या वहीतला चहा म्हणजे अशीच खूण. चहा झाला आणि बार भरला नाही, की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटणार. ते वाटणं तेव्हा फार खरं असतं.

जकार्डची उपमा अण्णांनीच दिली. माग थांबवला, दोरा काढला, तरी वर लावलेली नक्षीची कार्डं तशीच राहतात. पुन्हा माग सुरू केला की तीच नक्षी उतरते. "म्हणजे मी तंबाखू बंद केली, पण कार्डं काढलीच नाहीत," ते म्हणाले. मी त्यात एवढीच भर घातली, की ही कार्डं काढून फेकता येत नाहीत. त्यांच्यावर नवी लावत जावी लागतात, आणि त्याला महिने लागतात.

दिवाळीनंतरची एक तारीख अण्णांनी ठरवली. त्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घेतलं आणि त्यांच्या सल्ल्यानं निकोटीन गम सुरू केला. याबद्दल लोकांच्या मनात मोठी शंका असते: निकोटीन सोडायला निकोटीनच कसं? गममधून निकोटीन कमी येतं आणि सावकाश येतं. उसळी येत नाही, पण बेचैनी आवरते. तंबाखूतली कर्करोग करणारी नायट्रोसामाइन्ससारखी द्रव्यं त्यात नसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली या उपचाराला आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं आहे. मात्र तो खायची रीत वेगळी आहे आणि ती न सांगितल्यानं कितीतरी जण 'गमनं काही होत नाही' म्हणून सोडून देतात. तो च्युइंगमसारखा चघळत राहायचा नाही. सावकाश चावायचा, झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, जाणवणं ओसरलं की पुन्हा चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत घ्यायचं नाही. तोंडात आंबटपणा आला की निकोटीन नीट शोषलं जात नाही. चुन्याची गोष्ट अण्णांना आठवत होती, त्यामुळे हे सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही. गरोदर बाई, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस, यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गम घेऊ नये.

बाकीच्या गोष्टी वहीतून निघाल्या. पुडी उशाखालून गेली. सकाळी उठल्या उठल्या तोंड धुऊन गम. टपरीवरच्या चहाऐवजी महिनाभर खात्यातच, म्हणजे कारखान्यातच, ताक. तोंडात काहीतरी हवं म्हणून बडीशेप आणि लवंग. सुपारी नाही, सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, आणि तंबाखू सोडून सुपारीला लागलेली माणसं मी पाहिली आहेत. जोडीदार मागवाल्याला सांगून ठेवलं की हात पुढे करू नकोस.

आणि घर. इतर ठिकाणी समुपदेशक सहज सांगून जातो, 'घरातून तंबाखू काढून टाका.' पूर्व भागात हे वाक्य किती पोकळ आहे ते इथल्या माणसालाच कळेल. वहिनींच्या सुपात रोज तंबाखू. त्या सुपावर घरातला निम्मा किराणा येतो. तेंदूच्या पानांचा आणि तंबाखूचा वास त्या खोलीला जन्माचा चिकटलेला. अण्णांचा जेवायला बसायचा पाट त्याच खोलीत. कुणावर बोट ठेवण्याची ही गोष्टच नव्हती. वहिनींनी स्वतःच मार्ग काढला: सूप शेजारणीच्या ओसरीवर हलवलं, दोघी तिथेच बसून वळायला लागल्या, आणि अण्णा जेवायला यायच्या आत तंबाखूचा डबा झाकून तिकडेच ठेवायच्या. मोठ्या शास्त्राला जे सुचत नाही, ते ज्याच्या घरात प्रश्न आहे त्याला सुचतं, असं मला वारंवार दिसलं आहे.

पहिला आठवडा वाईट गेला. गाठी मारताना बोटं अडखळली, माल खराब गेला, मालकाची बोलणी खावी लागली. मुलावर ताट आपटण्यापर्यंत पाळी आली. झोप तुटक. आणि पोट साफ होईना, ज्याची अण्णांना सगळ्यांत जास्त धास्ती. 'तंबाखूशिवाय सकाळी होतच नाही' असं सांगणारी माणसं जवळजवळ रोज भेटतात. त्यात तथ्य आहे. निकोटीन आतड्यांना चाळवतं आणि ते बंद झालं की काही दिवस बद्धकोष्ठता होते. ती जाते. कोमट पाणी, भाजी, ज्वारीची भाकरी, सकाळचं चालणं, आणि गरज पडलीच तर डॉक्टरांनी दिलेलं चूर्ण, एवढ्यावर अण्णांचंही भागलं. तलफ आली की घड्याळ बघायला सांगितलं होतं. जोराची तलफ सहसा काही मिनिटंच टिकते. तेवढी मिनिटं मागाच्या मागून एक फेरी मारायची, पाणी प्यायचं, तोंडात लवंग ठेवायची. मुलाला मी स्वतः फोन करून समजावलं, की वडील या दिवसांत जे बोलतील ते धरून बसू नकोस. या दिवसांत घरच्यांना विश्वासात घेणं हे औषधाइतकंच गरजेचं असतं.

महिन्याभरानं चिडचिड गेली. दोन महिन्यांनी गम अगदी कमी झाला. दंतवैद्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा चट्टा फिका पडला होता, तरी दर काही महिन्यांनी दाखवत राहायला सांगितलं.

मग जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, आली. अक्षतेच्या दिवशी अण्णा दरवर्षी नंदीध्वजांसोबत चालतात. गर्दी, हलग्या, जुने सोबती. रात्री थकून सगळे होम मैदानाच्या कडेला टेकले, कुणीतरी मळून हात पुढे केला, आणि अण्णांनी घेतली. दुसऱ्या दिवशी पुडी विकत घेतली. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून म्हणाले, "सगळं वाया गेलं. मेंदू बिघडलाय तो बिघडलाच."

वाया गेलेलं नव्हतं, आणि हे धीर देण्यासाठी म्हणत नाही. सिगारेट सोडलेल्या माणसांच्या मेंदूचे स्कॅन झाले आहेत. वाढलेले रिसेप्टर पहिल्या महिन्यात तसेच दिसतात, पण साधारण सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्या माणसाच्या पातळीला येतात. दिवाळीनंतरच्या तारखेपासून गड्ड्यापर्यंतचा काळ अण्णांनी तंबाखूशिवाय काढला होता. त्यांना होम मैदानावर घ्यायला लावलं ते रसायनाच्या कमतरतेनं नव्हे. वर्षानुवर्षं यात्रेत, त्याच थकव्यात, त्याच सोबत्यांकडून घेतलेल्या तंबाखूची शिकवण तिथे जागी झाली. चहाचं कार्ड आम्ही बदललं होतं, मागाचं बदललं होतं. यात्रेचं बदलायला यात्राच यावी लागते, ती वर्षातून एकदाच येते.

मी विचारलं, "त्या चिमटीनं कसं वाटलं?" ते विचार करून म्हणाले, "चक्कर आली. घाम फुटला." म्हणजे चौदाव्या वर्षी झालं होतं तेच. सवयीनं आलेली सहनशक्ती गेली होती. त्यांच्या शरीरानं तंबाखूला पुन्हा परकं मानलं होतं. हे ऐकल्यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उरलेली पुडी खिशातून काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आम्ही गम पुन्हा काही दिवस वाढवला आणि वहीत नवं पान काढलं: लग्नं, मयत, पगाराचा दिवस, गावाकडची जत्रा. जिथे जिथे हात पुढे येतो त्या जागा, आणि तिथे काय म्हणायचं ते वाक्य. अण्णांनी स्वतःचं वाक्य ठरवलं, "डॉक्टरनं तोंड तपासलंय माझं." यावर कुणी आग्रह करत नाही, असा त्यांचा अनुभव आहे.

एवढं झाल्यावर, गेल्या भेटीत, वहिनींनी पदर सावरत विचारलं, "मॅडम, मिश्रीत पण तेच असतंय का?"

इतके दिवस त्या अण्णांसाठी येत होत्या. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू. दात घासायच्या निमित्तानं हिरड्यांना लागते आणि निकोटीन त्याच वाटेनं रक्तात जातं. आपल्याकडच्या कितीतरी बायका तिला व्यसन धरतच नाहीत, म्हणून त्यांना कुणी विचारतही नाही, आणि पुरुषांसाठी भरलेल्या शिबिरांत त्या मागे पाणी देत उभ्या असतात. मी वहिनींना तोच प्रश्न विचारला, उठल्यापासून किती वेळात. "चूल पेटवायच्या आधी," त्या म्हणाल्या. दिवसातून पाच-सहा वेळा लावतात. त्यात विड्या वळताना हाताला लागणारी आणि नाकात जाणारी तंबाखूची धूळ वेगळी.

त्यांची वही आता सुरू झाली आहे. अक्षर त्यांचं स्वतःचं आहे. रक्तदाबाची गोळी चालू असल्यानं गम द्यायचा का, हे डॉक्टर ठरवणार आहेत. तोंडाची तपासणी येत्या आठवड्यात आहे. मधल्या काळात काही वाटलं तर दर वेळी मी फोन उचलेनच असं नाही, म्हणून राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला. फोनला पैसे पडत नाहीत. हाच क्रमांक तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो. अण्णांनी इतकी वर्षं पुड्या फोडल्या, तो त्यांनी कधी वाचला नव्हता. आता दोघांच्या मोबाइलमध्ये तो साठवून ठेवला आहे.